कोरल ब्यूटी आणि माझे झोआ

फोंड्याच्या घरातल्या रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, माझी कोरल ब्यूटी ही मासोळी आता रुळली आहे. ड्वार्फ एंजल म्हणजे छोट्या एंजल माशांत ती त्यातल्या त्यात सौम्य. तरी कोरलना तोंड लावणार नाही, अशी हमी कुणी देऊ शकत नाही. एकाच जातीतला एक मासा कोरलकडे ढुंकूनही बघत नाही, दुसरा दिवसभर त्यांच्याच मागे असतो.

कोरल निवडतानाच मी हे धरून चाललो होतो. कडक प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. आपल्या गोव्याच्या ग्रँड आयलंडजवळचं प्रवाळ पाण्यात उतरून बघावं, उचलून आणू नये. माझ्याकडे मशरूम, लेदर आणि झोआ, ही सगळी मऊ कोरल. पहिल्या दोघांना धोका कमी, झोआंना जास्त.

दुकानदाराला माझ्यासमोर खाणं टाकायला सांगितलं. मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) पडताच ती झडपली, तेव्हाच घेतली. जाळी लावू दिली नाही. एंजलच्या गालावर काटा असतो, तो जाळीत अडकून मासा जखमी होतो, डब्यानेच धरायचा. घरी आधी वेगळ्या टँकमध्ये ठेवून पांढरे ठिपके येतात का, धाप लागते का, ते पाहिलं. तांब्याचं औषध या माशांना फारसं सोसत नाही, म्हणून रोग दिसल्याशिवाय ते द्यायचं नाही असं ठरवलं होतं. मुख्य टँकमध्ये ती सगळ्यांच्या शेवटी गेली.

काही दिवसांनी झोआंना टोचणं सुरू झालं. थांबायची, एका पॉलिपवरची (झोआच्या फुलासारख्या एकेका जीवावरची) बुळबुळ ओरबाडायची आणि पुढे सरकायची. पॉलिप मिटायचा, संध्याकाळी उघडायचा. एवढ्याने तो मरत नाही, पण तोच पॉलिप सतत मिटत राहिला तर उजेड मिळत नाही आणि तो खंगत जातो. खरं नुकसान ते.

हे मासे समुद्रात दिवसभर खडकावरचं शेवाळ खरवडत हिंडतात, त्यांना दोन वेळचं जेवण कसं पुरणार? मग सकाळी नोरीची (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची) पट्टी चिमट्याला लावू लागलो, मायसिस दिवसभरात थोडं थोडं. समोरची सोडून बाकीच्या काचांवरचं शेवाळ तसंच ठेवलं. झोआंचा दगड तिच्या कपारीपासून लांब, मोकळ्या वाळूवर नेला. उघड्यावर ती फार रेंगाळत नाही. टोचणं कमी झालं, पूर्ण थांबलं नाही. झोआ मात्र आता वाढताहेत.

जोडी ठेवायची मलाही हौस आहे. पण हे सगळे मासे आधी मादी असतात, वरचढ ठरेल तिचा नर होतो, आणि तो निकाल लागेपर्यंत भांडणं चालतात. माझ्या टँकमध्ये हरणारीला पळायला जागा नाही. म्हणून एकच.