भुसावळचं घर आणि भाड्याचं गणित

आज भुसावळला एक स्वतंत्र घर पाहिलं, भाड्याने देण्यासाठी. "भाऊ, भाडेकरू रांग लावतील," एजंट म्हणाला. मागणी खरी आहे, बदलीवर येणारी रेल्वेची माणसं इथे कायम असतात. पण किंमत ४५ लाख, भाडं ११ हजार. वर्षाला १ लाख ३२ हजार, म्हणजे तीन टक्केही नाहीत! त्यातून घरपट्टी, रंगरंगोटी, एखादा रिकामा महिना जाणार. आयकरात घरपट्टी वगळून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, तरी जमत नाही.

खरी काळजी पाण्याची. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मार्चपासून बोअर कोरडी, मग टँकर." खान्देशातल्या उन्हाळ्यात पाण्याविना कुठलं कुटुंब टिकेल?

३५ लाखांपर्यंत आले तरच बोलणार, तेही एनए (जमीन बिगरशेती केल्याचा) आदेश आणि मंजूर नकाशा पाहून.