आप्पांची पद्मिनी: जशीच्या तशी करायची का आतनं नवी?

सध्या आमच्याकडं रात्री जेवायला बसलं की एकच विषय, आप्पांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं काय करायचं. पुतण्या म्हणतो काका एवढा खर्च करतोयच तर आतनं सगळी नवी करून टाकू, इंजिन बदलू, एसी बसवू, पॉवर स्टिअरिंग घालू, अलॉय लावू, बाहेरनं तेवढी जुनी दिसू दे. रेस्टोमॉड म्हणतात त्याला, असल्या गाड्यांचे रील बघून बघून त्याला सगळं तोंडपाठ झालंय. दुसरीकडं मिरजेतला माझा एक गाडीवेडा मित्र, त्याचं म्हणणं एक स्क्रूसुद्धा बदलायचा नाही, कंपनीतनं निघाली तशीच पाहिजे. दोघांचं ऐकून आणि गॅरेजमधे मिस्त्रींच्या शेजारी उभं राहून माझं जे मत झालंय ते इथं लिहितोय, कारण सांगली-साताऱ्याकडं अजून बऱ्याच घरांत अशी एखादी गाडी ताडपत्रीखाली उभी आहे आणि काय करायचं ते ठरत नाही म्हणून नुसती कुजत चाललीय.

गाडी 1978 ची. मूळची इटलीची फियाट 1100, आपल्याकडं कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समधे बनायची, 1964 ला डिलाइट आली, मग तिचं प्रेसिडेंट झालं आणि 1974 च्या सुमारास पद्मिनी. (त्याच्याही आधीची ती गोल गोल डुक्कर फियाट, ती वेगळी.) कंपनी काढली वालचंद हिराचंदांनी, आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतलं वालचंद कॉलेज त्यांच्याच नावाचं आणि पुतण्या तिथंच मेकॅनिकलला आहे, त्यामुळं तो बोलतो ते उगाच बोलत नाही, आकडे घेऊन बोलतो. 1089 सीसीचं इंजिन, 40 च्या आसपास हॉर्सपॉवर, चारी चाकांना ड्रम ब्रेक, स्टिअरिंगला हँडल गिअर आणि पुढं सलग सीट. त्या सलग सीटवर आप्पा, काकू आणि मधे आम्ही दोन पोरं, असं औदुंबरला, नरसोबाच्या वाडीला किती वेळा गेलो त्याला हिशोब नाही.

गाडीचा खरा घात केला 2019 च्या महापुरानं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, त्या ऑगस्टमधे पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं, आप्पांचं घर गावभागात, गाडी शेडमधे डॅशबोर्डपर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर इंजिन खोललं, ऑइल बदललं, धुवून पुसून गाडी चालूसुद्धा झाली आणि सगळ्यांना वाटलं वाचली. पण परवा मिस्त्रींनी खालचं मॅट उचललं, दरवाज्याच्या खालचा जो लांब पोकळ पत्रा असतो ना, सिल म्हणतात, त्याला स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो थेट आत गेला. मग त्यांनी खालचं पाणी निघायचं भोक तारेनं कोरलं आणि त्यातनं सुका गाळ पडायला लागला, बारीक करडा, कृष्णेचा, थांबेचना. एवढी वर्षं तो गाळ आत ओल धरून बसला होता आणि पत्रा आतनं खात होता, बाहेरनं पेंट मात्र चकचकीत.

आता इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं हिच्यावर अवलंबून आहे. जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी चासी असते, वर बॉडी ठेवलेली असते. पद्मिनीला तसं नाही, हिची बॉडी हीच चासी, मोनोकॉक. म्हणजे सिल, फ्लोअर, मधला बोगदा (इंजिनापासनं मागच्या चाकांकडं जाणारा दांडा, प्रोपेलर शाफ्ट, ज्याच्याखालनं जातो तो फुगवटा) हे नुसतं झाकण नाही, गाडीचा सगळा जोर त्याच्यावर. ते कुजलं तर दरवाजे नीट लागत नाहीत, जॅक लावला की पत्रा चेपतो आणि धडक बसली तर आतल्या माणसाला वाचवायला काही उरत नाही. म्हणून पहिला पैसा पत्र्यावर, इंजिनावर नाही. आणि वरनं लांबी (पुट्टी) भरून पेंट मारायचा तर बिलकुल नाही, कुजलेला पत्रा कापून तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा वाकवून वेल्डिंग, आतनं रेड ऑक्साइड, मगच पुढचं काम. हे काम इंजिनापेक्षा महाग पडतं आणि दिसत काहीच नाही, त्यामुळं बरेच लोक हे टाळतात आणि डायरेक्ट अलॉय आणि रंगाकडं जातात. तसं करून रस्त्यावर आणलेल्या गाडीत मी माझ्या घरच्या माणसांना बसवणार नाही.

बरं, पुतण्याचं म्हणणं मला अजिबात वेडगळ वाटत नाही. पेठ नाक्यावरनं हायवेला लागलं की ट्रकसुद्धा आपल्या अंगावर येतात, 40 हॉर्सपॉवरमधे ओव्हरटेक करायचं म्हणजे आधी देवाचं नाव घ्यायचं. त्याचा प्लॅन असा की मारुती एस्टीमचं इंजिन आणि त्याला जिप्सीचा पाच गिअरचा गिअरबॉक्स, नाहीतर प्रीमियरच्याच 118 एनई गाडीचं निसानवालं इंजिन, लोकांनी दोन्ही केलंय आणि गाड्या पळतायत. पण मी त्याला म्हटलं, बाळा, तूच कागदावर लिहून काढ एकामागनं एक काय काय बदलावं लागतंय ते. इंजिनाचा जोर वाढला की ड्रम ब्रेक पुरत नाहीत, मग पुढं डिस्क, डिस्क म्हटलं की हब आणि चाकं बदलली, नव्या गिअरबॉक्सनं गिअर स्टिअरिंगवरनं खाली आला की फ्लोअरला भोक पाडा, बोगदा कापून मोठा करा, प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलली, मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो जुळेना, रेडिएटर मोठा, एसी घातला की आणखी मोठा, गिअर खाली आल्यावर सलग सीट जाऊन दोन बकेट सीट आल्या. आणि हे सगळं कापाकापीचं काम कुठं, तर ज्या फ्लोअरवर गाडी उभी आहे त्याच फ्लोअरवर. त्यानं लिहिलं खरं, आणि लिहिता लिहिता तोच म्हणाला काका याच्यात फियाटचा पत्रा सोडून काय राहतंय.

कायद्याचाही प्रश्न आहे, तो गॅरेजवाले सहसा सांगत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम 52, आरसीवर कंपनीनं दिलेली जी माहिती आहे त्याच्यात फरक पडेल असा बदल करायचा नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंद. नाही केली तर पासिंगला अडकणार आणि उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिला इंजिन नंबर बघणार. आमच्यासारख्या गाडीला 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी पासिंग आहेच, प्रत्येक वेळी ती धाकधूक कोण घेणार. आणखी एक, 2021 ला केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले, पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी, चासी, बॉडी आणि इंजिनात बदल केलेला नसेल तर व्हिंटेज म्हणून नोंद करता येते, फी 20,000 आणि नोंदणी 10 वर्षं चालते. तशी नोंद केली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, त्यामुळं आम्ही ती करूच असं नाही. पण 2028 ला आमच्या गाडीला 50 पूर्ण होतायत, आज बोगदा कापला तर तो दरवाजा कायमचा बंद. पुढची पिढी काय ठरवेल ते त्यांना ठरवू दे की.

आता मिरजेचा मित्र. त्याचं प्रेम मला कळतं, पण सगळंच कंपनीचं पाहिजे हा हट्ट मला पटत नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या तोवर कुर्ल्यात पार्ट मिळायचे, गाडी बंद झाली 2000 च्या आसपास आणि शेवटच्या टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरनं गेल्या, आता जे मिळतं ते कुणाच्या तरी भंगारातलं घासलेलं. ब्रेकच्या बाबतीत मी घासलेलं जुनं ओरिजिनल घेणार नाही, नवं घेणार, मग त्याच्यावर कुणाचाही शिक्का असो. टायरचंही तेच, जुन्या पद्धतीच्या क्रॉसप्लाय टायरवर पावसात ब्रेक मारून बघा, चौदा इंची रेडियल टाकले की तीच गाडी वेगळी वागते आणि कधीही काढून परत जुने घालता येतात.

आणि हाच माझा सगळा नियम आहे, पाना लावून परत काढता येतं ते बिनधास्त बदला, कुजलेला पत्रा सोडला तर कटर लावावा लागतो ते करू नका. त्या हिशोबानं आमचं ठरलंय ते असं. इंजिन तेच, बोअरिंग करून (झिजलेले सिलिंडर आतनं थोडे मोठे करून) ओव्हरसाइज पिस्टन. ठिणगी पाडायचे जुने पॉइंट आणि कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन, डिस्ट्रिब्युटर तोच राहतो. हेडलाइटला रिले आणि नवीन वायरिंग, कारण पुराचं पाणी पिलेल्या जुन्या वायरी ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण. रेडिएटरला इलेक्ट्रिक फॅन, घाट चढताना गरम होणार नाही. पुढं मागं सीट बेल्ट. ड्रम ब्रेक तेच, पण लायनर, व्हील सिलिंडर, पाइप सगळे नवे, आणि घाट उतरताना सेकंड-थर्डमधे उतरायचं, नुसत्या ब्रेकवर नाही. पेट्रोलचे रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरचे गॅस्केट इथेनॉलला टिकणारे, हे कुणीच विसरू नका, आता पंपावर ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, जुनं रबर त्यानं फुगून फाटतं आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर इथेनॉल ओल धरतं आणि टाकी आतनं गंजते. एसी नाही. तिकोनी काच फिरवली की अंगावर बक्कळ वारा येतो.

रंगाचा वाद मिस्त्रींनीच मिटवला. आप्पांनी मधे कधीतरी गाडी पांढरी करून घेतली होती, मूळचा रंग कुणालाच नीट आठवेना. डिकीचं रबर काढलं तर त्याच्या खाली बोटभर रुंद पट्टी निघाली, फिकट निळसर करडी, हात न लागलेली. आता तोच रंग मिसळून घेणार. पण आप्पांनी डॅशबोर्डला बसवलेला छोटा पंखा काढायचा नाही असं मी सांगून ठेवलंय, मित्र म्हणतो तो कंपनीचा नाही, नसू दे, तो आमच्या घरचा आहे, काकूंना उन्हाळ्यात गाडीत मळमळायचं म्हणून त्यांनी तो गणपती पेठेतनं आणून स्वतः लावला होता.

आप्पा आता 84 चे आहेत. त्यांना सगळे प्लॅन सांगितले, पुतण्याचा पण सांगितला, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "हँडल गिअर राहणार न्हवं?" राहणार म्हटल्यावर म्हणाले मग करा काय करायचं ते, फक्त शेडमधे उभी करून ठेवू नका, चालवा.

डाव्या बाजूचं सिल झालंय, उजवीकडचं सुरू आहे. पुतण्या आता रोज संध्याकाळी गॅरेजला जातोय, वायरिंगचं काम त्यानं स्वतःकडं घेतलंय आणि जुन्या हार्नेसचा (वायरींच्या जुडग्याचा) एक एक धागा मोजून कागदावर नकाशा काढतोय. हँडल गिअरच्या लिंकेजचे (जोडदांड्यांचे) बुश, म्हणजे सांध्यातल्या छोट्या नळ्या, पार झिजलेत, ते नवे कुठं मिळत नाहीत, कुपवाड एमआयडीसीत एकाकडं लेथवर पितळेचे करून घ्यायचं चाललंय. कुणी आधी करून घेतले असतील तर माप आणि पितळ कसलं वापरलं ते जरूर सांगा.