सीपीयूचा पास एरर 58

काल रात्री व्हिडिओ गेमवर फुटबॉलची मॅच एक-शून्य जिंकलो आणि झोपच लागेना. म्हणजे आनंदाने नाही. कुणाल मागे सोफ्यावर लोळत मोबाईल बघत होता, मॅच संपल्याची शिट्टी वाजली तसं मान पण वर न करता म्हणाला, "दादा, तूच सेट केलंस आणि तूच जिंकलास." बस एवढंच. मग उरलेली शेव संपवून गेला सीवूड्सला निघून.

आता त्याला काय माहिती त्या एक-शून्यमागे किती डोकं लावलंय. फिफा 23 आहे आपला, नाव बदलायच्या आधीचा शेवटचा, करिअर मोड, टीम मुंबई सिटी. डिफॉल्टला सगळे स्लायडर, म्हणजे खेळाडू किती पळतील, किती चुकतील ते ठरवणारे मेन्यूतले आकडे, 50 वर असतात आणि तसंच लेजंडरी या अवघड लेव्हलवर खेळलं तर सीपीयूचा, म्हणजे समोर कॉम्प्युटर खेळतो त्या टीमचा, सेंटर बॅकसुद्धा पास चुकत नाही, सगळे नुसते पळत असतात आणि स्कोअर काय तर 5-4. असं कोण खेळतं? कतारच्या वर्ल्ड कपला 64 मॅचमध्ये 172 गोल झाले, म्हणजे मॅचमागे पावणेतीन पण नाही. म्हणून मग हाफ 10 मिनिटांचा, स्प्रिंट दोघांचा खाली, पास एरर, म्हणजे पास चुकण्याचं प्रमाण, दोघांचा वर, सीपीयूचा जरा जास्त कारण तो मुळातच कमी चुकतो, मग मार्किंग, मग लाइन हाइट. एक आकडा हलवायचा, मॅच खेळायची, परत मेन्यूत. मेघा म्हणते तू गेम खेळतोस की टॅलीत एंट्र्या मारतोस.

आणि काल ते जमलं होतं हो. सेकंड हाफमध्ये त्यांचा लेफ्ट बॅक, अंगावर कोणी नाही, काही नाही, आणि त्याने बॉल सरळ लाइनबाहेर घातला. पायाच्या बाहेरच्या बाजूला लागून घरंगळत गेला बॉल. मी पॉज करून रिप्ले लावला, इतकं खरं वाटलं ते. अस्साच चुकतो माणूस. आणि त्याच थ्रो-इनवरून माझा गोल.

तिथेच तर गोची आहे. तो पास त्याने चुकवलाच नाही ना, मी चुकवला, मंगळवारी, मेन्यूत बसून, सीपीयूचा पास एरर 55 चा 58 करून. हरलो की आकडा हलवता येतो आणि जिंकलो की आकड्यानेच जिंकवलं असं वाटतं, मग माझं त्यात काय? गल्लीत ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग असायची, पण आउट तरी बाकीचे द्यायचे. इथे तर तेही मीच. ऑफिसात बरोबर उलटं, तिथले स्लायडर कोणाच्या हातात आहेत ते... जाऊ दे. तो विषय नको आज.

रात्री दीडला आठवलं, 2022 ला इथेच नेरुळला डी. वाय. पाटीलला मुलींच्या अंडर-17 वर्ल्ड कपची फायनल झाली, स्पेननेही एक-शून्यच जिंकली आणि तो एक गोल पण कोलंबियाचा ओन गोल. मग स्पेनच्या पोरींनी काय कप परत केला? कुणाल तेव्हा माझ्याच शेजारी उभा राहून बोंबलत होता, तेव्हा नाही कोणाला विचारलं त्याने कोणी सेट केलं म्हणून. लगेच मेसेज टाकणार होतो. नाही टाकला, दीड वाजता असले मेसेज टाकायचं वय गेलं.

आणि खरं सांगू का, जिंकण्यापेक्षा तो वाया गेलेला पासच जास्त आवडला मला. गोल कसा झाला ते आत्ता नीट आठवत पण नाही, लेफ्ट बॅक आठवतोय. कदाचित मला मॅच खेळायचीच नसते, बघायची असते, आणि चांगली मॅच बघायला मिळावी म्हणून मध्ये मध्ये खेळावं लागतं. असेल. असं असलं तर त्यात कोणाचं काय जातंय.

सकाळी 58 चा 57 केलाय. जरा जास्तच चुकत होते ते.

कुणालला सांगितलंय शनिवारी दुसरा कंट्रोलर घेऊन ये आणि सीपीयूच्या जागी तूच बस. त्याच्यासाठी काही सेट करायला नको, त्याचे पास तसेही थ्रो-इनलाच जातात.