रुजवणीच्या खोलीसाठी आधी काय घ्यायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. हायड्रोपोनिक्समध्ये, म्हणजे मातीविना खतपाण्यावरच्या शेतीत, व्यवसाय म्हणून उतरणारे बहुतेक जण मला एकच प्रश्न विचारतात: "बी रुजवायची खोली करायची आहे, दिवे किती वॉटचे घेऊ?" दिव्यांचं बोलूच, पण त्याआधी थर्मामीटर घ्या. निदान चार. आणि ते भिंतीवर टांगू नका, ट्रेमधल्या ओल्या माध्यमात (मातीऐवजी बी ज्यात रुजतं त्या भरावात) खोचून ठेवा.

हे मला नुकसान सोसूनच कळलं. माझ्या पहिल्या खोलीत भिंतीवरचा आकडा कायम 22 अंश दाखवायचा. पाच फळ्यांचा रॅक, सगळीकडे लेट्यूस. तिसऱ्या दिवशी खालच्या फळ्या हिरव्या दिसू लागल्या, सर्वांत वरच्या फळीवर मात्र ट्रेमधले निम्मे खाचे (एकेका बीचे कप्पे) रिकामे. बियाणं खराब निघालं असं समजून मी दुसरं पाकीट फोडलं. पुन्हा तेच. शेवटी वरच्या ट्रेत बोट घातलं तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चक्क कोमट! खालच्या दिव्यांची सगळी ऊब वर जाऊन छताखाली साठत होती.

लेट्यूसचं बी 18 ते 21 अंशांना छान रुजतं. माध्यम 28-30 अंशांच्या पुढे गेलं की बऱ्याच वाणांचं बी मरत नाही, नुसतं थांबून राहतं. मी ते ट्रे गार जागी हलवले तेव्हा त्यातल्या पुष्कळ खाच्यांत कोंब आले, पण तोवर तीन दिवस गेले होते. खरा फटका पुढे बसला. एकाच चॅनलमध्ये (रोपं वाढवायच्या, खतपाणी वाहणाऱ्या नळीत) मोठी आणि छोटी रोपं शेजारी आली, मोठ्यांनी छोट्यांवर सावली धरली, आणि काढणीच्या दिवशी एक तृतीयांश माल मागे ठेवावा लागला. रुजवणीत पडलेलं अंतर नंतर कितीही खतपाणी केलं तरी भरून निघत नाही.

म्हणूनच लेट्यूस आणि काकडी एकाच खोलीत रुजवू नका. काकडी, टोमॅटोला 25 अंशांच्या आसपास ऊब लागते, पालकाला लेट्यूससारखाच गारवा. मधला आकडा धरलात तर दोन्हीकडून रड.

खोली किती मोठी, हे पिकावरून उलटं मोजत या. रोज 1,000 रोपं चॅनलमध्ये लावायची असतील तर न रुजलेली आणि निवडून काढलेली धरून रोज 1,200 बिया टाका. 200 खाच्यांचे 6 ट्रे झाले. 2 दिवस रुजवण आणि 12 दिवस उजेडात, म्हणजे एका वेळी 84 ट्रे. त्यातले फक्त 12 रुजवणीत. लोक सगळ्या 84 ट्रेंसाठी दमट खोली बांधायला निघतात, तिथे माझा जीव तळमळतो. दमटपणा हवा तो त्या बारांनाच. ते एकावर एक रचून झाकले की 90 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता आपसूक राहते. मोठ्या खोलीत एसी हवा कोरडी करत राहतो आणि ह्युमिडिफायर ती ओली करत राहतो, बिल दोघांचं येतं. कोंब आल्यावर 60 ते 70 टक्के पुरे आणि वर हलका पंखा. कायम ओलसर, कोंडलेल्या हवेत रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. प्रत्येक फेरीनंतर ट्रे घासून, निर्जंतुक करून वाळवा. यात सूट नाही.

झाकलेले ट्रे उघडायची वेळ मात्र डोळ्यांनीच ठरवायची. गोळीबंद बी (लेप चढवून गोळीसारखं केलेलं) नीट पाहा: आधी मातकट गोळीला तडा जातो, मग फटीतून पांढरं मूळ डोकावतं आणि खाली वळतं. पहिले कोंब मान वर काढताना दिसले की ट्रे लगेच दिव्याखाली. एक रात्र उशीर झाला तर देठ दोऱ्यासारखे लांबतात आणि ते रोप शेवटपर्यंत लुळंच राहतं. मी भल्या सकाळी आणि झोपण्याआधी, दोन्ही वेळा झाकणं उचलते.

पाण्याचं थोडक्यात. बीजात स्वतःची शिदोरी असते, पहिले दोन-तीन दिवस कमी क्षाराचं साधं पाणी चालतं. बीजपत्रं उघडली की खतपाण्याचा ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप, mS/cm मध्ये) 0.8 ते 1.0, पीएच 5.8 च्या आसपास. कोकोपीट आधी धुऊन निथळलेल्या पाण्याचा ईसी बघा. रॉकवूल (दगड वितळवून केलेला लोकरीसारखा भराव) मुळात अल्कधर्मी, ते 5.5 पीएचच्या पाण्यात भिजवून घ्या.

आता दिवे. वॉट विचारू नका, पानाच्या उंचीवर दर चौरस मीटरला दर सेकंदाला 150 ते 200 मायक्रोमोल प्रकाश मिळतो का ते विचारा. तो रोज 16 तास द्या. दिव्यांचे ड्रायव्हर (त्यांना वीज पुरवणारे डबे) खोलीबाहेर बसवता आले तर बसवाच, तेवढी ऊब खोलीत साठत नाही. आणि दिवे लावून दोन तास झाले की प्रत्येक फळीवरचा थर्मामीटर पुन्हा एकदा वाचा, बी टाकायच्या आधी.