आडनावावरून मूळ गाव सापडतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: सापडतं, पण नुसत्या आडनावाच्या भरवशावर निघालात तर भलत्याच गावी पोचाल.

शेवटी 'कर' असलं की काम सोपं वाटतं. निंबळकचे निंबाळकर, मंगेशीचे मंगेशकर, मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे आंबेडकर. गोम अशी की असं नाव बहुधा गाव सोडल्यावर चिकटतं. मागे राहिलेले भाऊबंद जुन्याच आडनावाचे. निंबाळकर मूळचे पवार, आंबेडकर मूळचे सकपाळ. शिवाय वडगावं आणि पिंपळगावं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, तेव्हा तालुका कळल्याशिवाय एसटीत बसू नका. आणि 'गावकर' नावाचं गाव शोधू नका, तो गावातला मान आहे.

देशमुख, कुलकर्णी, चिटणीस, पोतनीस ही वतनाची नाहीतर हुद्द्याची नावं. दोन कुलकर्णी एकमेकांचे कुणीही नसतात. नाना फडणवीसांचं घराणं वेळासच्या भानूंचं. फडणिशी (सरकारी हिशेब-दप्तराचा हुद्दा) आली आणि भानू मागे पडलं. पवार, जाधव, मोरे तर अनेक जातींत आहेत. आडनाव ऐकून जात सांगणाऱ्यांना खुशाल हसावं.

सुरुवात घरातूनच करा. कुलदैवत कोणतं, ते विचारा. वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा आणि प्रत्येकाचे भाऊ, एवढी नावं लिहून काढा. मग आजोबांच्या शाळेचं जनरल रजिस्टर (शाळेत दाखल मुलांची नोंदवही), तहसील कार्यालयातली जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही (गाव नमुना 14) आणि जुने फेरफार (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी) पाहा.

बहुतेकांचं घोडं अडतं ते इथे. जुन्या नोंदीत आडनाव पुष्कळदा नसतंच. 'राणू बिन धोंडू' एवढंच असतं. 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा. त्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे एकाआड एक पिढीत धोंडू येतो आणि दोन धोंडूंचा एक होऊन वंशावळीतल्या दोन पिढ्या गळतात. म्हणून नावाबरोबर साल, भावाचं नाव आणि जमिनीचा सर्व्हे नंबरही जुळवा. नोंद जुन्या मोडी लिपीत असेल तर एका ओळीची नाही, अख्ख्या पानाची नक्कल घ्या. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत. वाचणाऱ्याला आजूबाजूच्या ओळींवरून त्या लेखकाचं वळण ओळखावं लागतं.

कागद संपले की नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये, म्हणजे तिथले पिढीजात पुरोहित, गाठा. त्यांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या घराण्यांच्या पिढ्या असतात. तिथे आजचा पत्ता सांगून उपयोग नाही. जुनं गाव, आडनाव आणि यात्रेला गेलेल्या पूर्वजाचं नाव सांगा.