माउंट व्हर्नन: गिरणी 'तिथेच' नाही!

माउंट व्हर्नन म्हणजे अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याचं व्हर्जिनियातलं घर. "वॉशिंग्टनचं घर बघशील ना, तिथेच त्याची पाणचक्की आहे," असं मला एका मित्राने सांगितलं. त्याचं 'तिथेच' म्हणजे घरापासून सुमारे साडेचार किलोमीटर. आणि मी सायकलवर.

जवळच्या अलेक्झांड्रिया शहरातून पोटोमॅक नदीच्या काठाने सायकलवाट आहे. वाट छान आहे. घात होतो तो शेवटच्या चढावर. सपाट वाटेची सवय लागलेली, पाणी संपत आलेलं, आणि नेमका घर येण्याआधी हा चढ. मी सरळ उतरून सायकल ढकलली. वर घर बघायची रांग, ती संपली की २३५ नंबरच्या रस्त्याने गिरणीकडे. जुलैतला शनिवार, दुपारचे दोन. दोन बाटल्या पाणी म्हणजे काहीच नाही, चार घ्या.

घराच्या भिंती दगडी वाटतात, पण त्या लाकडी फळ्या आहेत. दगडाच्या चिऱ्यांसारख्या कापून ओल्या रंगावर वाळू मारलेली. एवढं बघा आणि निघा.

कारण गिरणी! बाहेर चाक शोधू नका, ते आत आहे. पाणी सोडलं की अख्खी इमारत थरथरते, आणि तिथे माझा सगळा शीण गेला. जात्याला टाकी लावून पाडतात तशाच खाचा दळणाच्या या मोठ्या दगडांना आहेत. पण खरी गंमत ऑलिव्हर इव्हान्स या अमेरिकन संशोधकाच्या यंत्रणेची. पट्ट्यावरचे छोटे डबे पीठ वरच्या मजल्यावर नेतात, तिथे फिरता दांडा ते पसरून गार करतो. पोती पाठीवर वाहायला नकोत. १७९० साली तिला पेटंट मिळालं, त्यावर राष्ट्राध्यक्ष म्हणून सही वॉशिंग्टनचीच. पुढच्याच वर्षी त्याने ती स्वतःच्या गिरणीत बसवली.

एक मात्र सांगतो: इमारत मूळची नाही. १७७१ची गिरणी उरली नाही, ही १९३० च्या दशकात पुन्हा उभारलेली. शेजारची दारूची भट्टीही तशीच, नव्याने बांधलेली. मूळ भट्टीत १७९९ साली जवळपास ११ हजार गॅलन व्हिस्की निघाली, राबणारे गुलाम होते. माहिती सांगणाऱ्याला हे विचारा, तो टाळत नाही.

गिरणी हिवाळ्यात बंद असते आणि मोसमातही रोज उघडी नसते, वार बघूनच निघा. गाडी असेल तर आधी गिरणी, मग घर. सायकल असेल तरी आधी गिरणीच. परतीला तो चढ उतार होतो, तेवढंच बरं.