पोलो खाली घेतली: खान्देशच्या रस्त्यांसाठी स्प्रिंग आणि शॉकअपची जोडी

दसऱ्यापासून चर्चेत असलेलं माझ्या फोक्सवॅगन पोलोचं काम अखेर झालं. गाडी १.५ टीडीआय डिझेल, टायर कंपनीचेच १८५/६० आर१५. पुढून २४ मिमी आणि मागून १९ मिमी खाली आली आहे. फोटो बघून बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच होता, एवढा खर्च करून फक्त एवढंच? हा आकडा कसा आला ते सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे गाडी खाली घेताना उंची आधी ठरते आणि बाकीचं सगळं तिच्यामागे फरपटत जातं. मी उंची सगळ्यात शेवटी ठरवली.

आधी रस्ते. माझं येणं-जाणं तीन तऱ्हेच्या रस्त्यांवर असतं. जळगाव-धुळे महामार्ग चौपदरी आणि सपाट, पण पुलांच्या सांध्यांवर चाकाला टोकदार ठोका बसतो. चाळीसगावच्या पुढचा कन्नड घाट, ज्याच्या वळणांसाठी हा सगळा खटाटोप. आणि तापीपलीकडचे यावल-चोपडा पट्ट्यातले, केळीच्या बागांमधून जाणारे रस्ते. खरी परीक्षा या तिसऱ्या प्रकाराची. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वर डांबर चांगलं टाकलं तरी काही पावसाळ्यांत रस्त्याला लांब लांब लाटा येतात. साठ-सत्तरच्या वेगात गाडी त्यांच्यावर उठते, बसते, पुन्हा उठते. आणि त्याच लाटांमध्ये मालट्रकांनी पाडलेले खड्डे, काठ धारदार.

या दोन दुखण्यांची औषधं एकमेकांच्या उलट आहेत. लाटेवर शॉकअपचा रॉड सावकाश हलतो. तिथे शॉकअप घट्ट हवा, नाहीतर गाडी डुलत राहते. खड्ड्याच्या काठावर तोच रॉड झटक्यात आत जातो. तिथे शॉकअपने वाट द्यायला हवी, नाहीतर गचका थेट कमरेत. इथे महत्त्वाचा आहे तो रॉडचा वेग, गाडीचा नाही. चांगल्या शॉकअपच्या व्हॉल्व्हमध्ये पातळ पोलादी चकत्यांची चवड असते. रॉड हळू हलताना त्या बंद राहून तेल अडवतात, दाब वाढला की वाकून तेलाला रस्ता देतात. म्हणून ‘कम्फर्ट’ की ‘स्पोर्ट’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. सावकाश हालचालीत घट्ट आणि झटक्यात मऊ, असा शॉकअप कोणता, हे विचारायला हवं.

आता उंचीचा हिशोब. बसक्या गाडीचा आराम जातो कुठे, याचं उत्तर त्यात आहे. चाकाला वर जायला बंप स्टॉपपर्यंत (चाक पार वर गेलं की सस्पेन्शन ज्यावर टेकतं तो रबरासारखा अडसर) जेवढी जागा असते तिला ट्रॅव्हल म्हणू. माझ्या गाडीत पुढे ती मूळ उंचीवर साधारण ६० मिमी निघाली. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दाबलेल्या अंतराच्या वर्गावर अवलंबून असते. याचा अर्थ, ट्रॅव्हल ६० वरून ३० वर आली तर तोच खड्डा बंप स्टॉपला न टेकता पचवायला स्प्रिंग चौपट कडक लागेल. गाडी २५ मिमी खाली घेतली तर जवळजवळ तिप्पट. बाजारातल्या बहुतेक लोअरिंग स्प्रिंग मात्र मूळ स्प्रिंगपेक्षा साधारण २० ते ३० टक्केच कडक असतात, आणि ते योग्यच आहे, तिप्पट कडक स्प्रिंगवर कोणी बसू शकणार नाही. मधली तूट बंप स्टॉप भरून काढतो. गाडी खाली घेतल्यावर जो ‘कडकपणा’ जाणवतो तो बऱ्याचदा स्प्रिंगचा नसतो, गाडी बंप स्टॉपवर आदळत असते.

त्यामुळे कोणी कॉइल कापून गाडी खाली घेतोय असं कळलं की मी हात जोडून थांबवतो. कॉइल कमी झाले की स्प्रिंग कडक होते, पण ट्रॅव्हल जाते त्या मानाने ती वाढ फार थोडी. शिवाय कापलेलं टोक स्प्रिंगच्या बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक लोंबकळलं की स्प्रिंग सुटी होते.

स्प्रिंग बदलून शॉकअप कंपनीचेच ठेवणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग. अमळनेरच्या ज्या मिस्तरींकडे माझं काम असतं त्यांनी हाच विषय निघाल्यावर गाडीखालूनच विचारलं, “भाऊ, गाडी तू खाले करशी, रस्ता कोन करी?” प्रश्न अगदी वर्मावर होता. कंपनीचा शॉकअप मूळ उंचीसाठी बनवलेला. गाडी बसली की रॉड कायम आत ढकललेला राहतो आणि बंप स्टॉप जवळ येतो. दुसरी गोष्ट डॅम्पिंगची, म्हणजे शॉकअप स्प्रिंगचं डुलणं किती आवरतो त्याची. स्प्रिंग ३० टक्के कडक झाली तर ती तितक्याच काबूत ठेवायला डॅम्पिंग सुमारे १४ टक्के वाढायला हवं, कारण ते स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळाने वाढतं. आणि माझे मूळ शॉकअप तर वयाने थकलेले. नवी कडक स्प्रिंग आणि थकलेला शॉकअप एकत्र आले की यावल रस्त्याच्या लाटांवर गाडी उसळत राहणार, हे न बसवताच कळत होतं.

कॉइलओव्हरचा, म्हणजे आटे फिरवून उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीचा, मोह मोठा होता. केडब्ल्यू कंपनीच्या व्हेरिएंट १ मध्ये उंची आपण ठरवायची, डॅम्पिंग कारखान्यातून ठरलेलं. व्हेरिएंट २ मध्ये रिबाउंड (रॉड बाहेर येतानाचं डॅम्पिंग) फिरवता येतो, व्हेरिएंट ३ मध्ये रिबाउंड आणि कॉम्प्रेशन (रॉड आत जातानाचं) दोन्ही. बिलस्टाइनच्या बी-१४ मध्येही फक्त उंचीच बदलते. घाटात किंवा ट्रॅकवर गाडी नेमाने पळवणाऱ्यांनी जरूर घ्यावेत. माझा प्रश्न वेगळा होता. मला उंची एकदाच ठरवायची होती, आणि कॉइलओव्हरचे आटे आपल्याकडच्या धुळीत आणि चिखलात वर्षभर उघडे राहतात. दर पावसाळ्यानंतर घासून, तेल लावून ठेवले नाहीत तर रिंग जागेवर जाम होते. केडब्ल्यूच्या स्टेनलेस स्टीलच्या बॉडीचा इथे खरा फायदा आहे, पण तेवढे पैसे मी टायरांसाठी राखून ठेवले. स्वस्तातले कॉइलओव्हर मी यादीतच घेतले नाहीत. डॅम्पिंगच्या तीस-बत्तीस पायऱ्यांची जाहिरात करणाऱ्या किटचा डॅम्पिंग ग्राफ मागितला तर तो मिळत नाही, एवढं कारण मला पुरेसं आहे.

शेवटी घेतल्या त्या आयबाख प्रो-किटच्या स्प्रिंग आणि बिलस्टाइन बी-८ शॉकअप. ही जोडी बिलस्टाइन बी-१२ या नावाने एकत्रही विकली जाते. बी-६ आणि बी-८ यांतला फरक नीट लक्षात ठेवा. बी-६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी, बी-८ आखूड स्प्रिंगसाठी. बसक्या गाडीत बी-८ चा रॉड आपल्या कामाच्या पट्ट्यात राहतो. ज्यांना आराम आधी हवा आणि घाट क्वचित, त्यांनी कोनीचे फ्रीक्वेन्सी सिलेक्टिव्ह डॅम्पिंगवाले शॉकअपही बघावेत. बारीक, जलद थरथर आली की ते आपोआप मऊ होतात.

पार्ट नंबर काढताना दोन गोष्टी तपासा. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या अॅक्सलच्या वजनाप्रमाणे स्प्रिंगचे वेगळे नंबर असतात; पेट्रोलची स्प्रिंग डिझेलला लावली तर नाक जास्त खाली जाणार. दुसरं, कॅटलॉगमधले ‘३० मिमी’ युरोपातल्या गाडीच्या उंचीवरून मोजलेले असतात, आणि भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्या मुळातच उंच असतात. म्हणून काम करण्याआधी हबच्या मध्यापासून फेंडरच्या काठापर्यंत चारही चाकांचं माप लिहून ठेवलं. टायरची हवा किंवा झीज काहीही असली तरी हे माप बदलत नाही.

मागचा भाग पुढच्यापेक्षा कमी खाली घेतला, त्यामागे दोन कारणं. मागे आई-आबा बसतात आणि गावाहून परतताना डिकीत दादर ज्वारीचं पोतं असतं. ट्रॅव्हलची गरज मागेच जास्त. शिवाय रस्त्यातला उंचवटा मागच्या चाकांना उशिरा लागतो. ७२ च्या वेगात पोलोसारख्या गाडीत हे अंतर सेकंदाच्या आठव्या भागाइतकं. मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा किंचित जलद हलली तर ती पुढच्या झोक्याला गाठते आणि गाडी होडीसारखी पुढे-मागे डुलत नाही. मॉरिस ऑली या इंजिनिअरने १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये हे दाखवून दिलं होतं, आणि आजही गाड्या त्याच तत्त्वावर बेतल्या जातात. पुढे-मागे सरसकट सारखी खाली घेतलेली गाडी म्हणूनच मला डोळ्यांना आवडली तरी चालवायला आवडत नाही.

चाकं बदलली नाहीत. १८५/६० आर१५ ची साइडवॉल १११ मिमी, २०५/४५ आर१७ ची ९२. हे १९ मिमी रबर आणि हवा म्हणजे खड्ड्याच्या काठाला सामोरं जाणारं पहिलं सस्पेन्शन. ते काढून टाकायचं आणि महागड्या शॉकअपकडून भरपाई मागायची, हे मला पटत नाही.

बसवताना मिस्तरींना एकच विनंती केली आणि त्यांनी ती मनापासून पाळली. लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना फक्त अडकवायचे, चाकं जमिनीवर टेकवून गाडी आपल्या उंचीवर बसली की मगच कसायचे. लोंबकळत्या अवस्थेत कसले तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं, लवकर फाटतं आणि उंचीचं मापही चुकवतं. वरचे स्ट्रट माउंट आणि बेअरिंग नवे घातले. अलाइनमेंट लगेच न करता स्प्रिंग बसू दिली, मग केली. टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) थोडा बदलला होता, तो जुळवला. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा) असल्याने तिथे फिरवण्यासारखं काही नाही, पण आकडे लिहून ठेवले. हेडलाइटही पुन्हा लावून घेतले.

चालवल्यावर काय? कन्नड घाटात स्टिअरिंग वळवलं की नाक लगेच ऐकतं, गाडीचं कलणं कमी झालंय. ते नाहीसं झालेलं नाही, आणि त्याचं कारण आहे. पुढच्या मॅकफर्सन स्ट्रट सस्पेन्शनमध्ये गाडी खाली घेतली की लोअर आर्मचा कोन बदलून रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं. म्हणून ४०-५० मिमी खाली घेतलेल्या गाड्या कडक स्प्रिंग असूनही वळणात अपेक्षेएवढ्या सपाट राहत नाहीत. माझ्या २४ मिमीला हेही एक कारण. महामार्गाच्या सांध्यांवर ठोका पूर्वीपेक्षा स्पष्ट कळतो, एकदाच, आणि संपतो. यावल रस्त्याच्या लाटांवर तर गाडी वेगळीच वाटते, उठली की एका झोक्यात बसते. आई म्हणाली, “खड्डा कळतो रे, पण मळमळत नाही आता.” तिच्या कमरेचा त्रास मला माहीत आहे, त्यामुळे हा शेरा माझ्यासाठी कुठल्याही ग्राफइतका मोलाचा.

मागच्या शॉकअपच्या रॉडवर प्लास्टिकचा केबल टाय बांधून ठेवलाय. रॉड जितका आत जातो तितका टाय वर सरकतो आणि तिथेच राहतो. एकट्याने शहरात फिरताना बंप स्टॉपपासून बराच लांब राहतो. पाच माणसं आणि सामान घेऊन बंप स्टॉप साधारण एक तृतीयांश दबल्याची खूण मिळाली. याहून खाली जायला जागा नाही, हे त्या टायने मला स्वच्छ दाखवलं.

गतिरोधकांबद्दल सगळे विचारतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच, १७ मीटर त्रिज्येचा. पोलोचा व्हीलबेस त्यापेक्षा कमी, म्हणून चारही चाकं त्यावर असताना पोटाखालचा उंचवटा फक्त ४५ मिमीच्या आसपास येतो. असा गतिरोधक माझ्यासारखी थोडी बसकी गाडी सहज ओलांडेल. गावागावांत बांधलेले ब्रेकर मात्र अरुंद असतात, चाकं दोन्ही बाजूंना खाली आणि अख्खी उंची पोटाखाली. तिथे मी तिरका जातो, गाडी भरलेली असेल तर सावकाश.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचून घ्या आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा. मी कळवलाय.

पुढचं काम मागच्या बंप स्टॉपचं. जास्त लांब आणि सुरुवातीला मऊ असा मायक्रोसेल्युलर पॉलियुरेथेनचा बंप स्टॉप शोधतोय, म्हणजे भरल्या गाडीत टेकतानाचा धक्का आणखी गोल होईल. तो मिळाला की मे महिन्याच्या उन्हात, भरल्या गाडीने चोपडा रस्त्यावर टायचं माप पुन्हा घेणार आणि आकडे इथे टाकणार. कोणाकडे पोलोच्या मागच्या शॉकअपच्या रॉडला बसणाऱ्या बंप स्टॉपचा आतला व्यास आणि लांबी मोजलेली असेल तर नक्की कळवा.